सूत आत की लोकर आत

गोरेगाव, ता. १२ जानेवारी १९३७

खाजा मियांना तातेरावचा रामराम.

अक्षर सुमनचं हाय, बोलून मी राहिलो. तुमी हिंगोलीला शिलाईचं दुकान टाकलं आन गोरेगावच्या बाजारात बसायचं सोडलं, म्हणून ही लिहिण्याची तकलीफ.

आमी येत्या वैशाखात बद्री-केदारला निघालो. आईला जाऊन वरीस झालं. जाताना तिनं एकच मागितलं, माझा पिंड बद्रीनाथला ठेव. हृषीकेशपर्यंत आगगाडी, तिथून म्हैना-दीड म्हैना पायी. वझं आपलं आपल्याच पाठीवर.

आता सवाल कपड्याचा. इथं जो तो शहाणा होऊन राहिला. सटवाजी पाटील म्हणतो, एकच जाड कोट घे. गाडीवाला थावरा म्हणतो, घोंगडी घे, बाकी सारं फेक. वाणी म्हणतो, पातळ पातळ चार सदरे घाल. यातल्या एकानंबी थंडी पाह्यली न्हाई. आपली पुसातली थंडी म्हंजी दोन काटक्या पेटवल्या की पळती. बर्फात राह्यलेला माणूस या साऱ्या मुलखात एकच, तुमी. लढाईतून आल्यापासून अठरा वर्षं तुमच्याच तोंडून बर्फ ऐकून राहिलो. तुमी सांगाल ते घालीन. एक जाड का चार पातळ? सूत आत का लोकर आत? बराबर लिहा.

तातेराव

खाजाभाई, हे खालचं माझ्या मनानं लिहिते. 'आमी निघालो' यात मीपण आहे. त्यांनी मला विचारलं नाही आणि मी नाही म्हटलं नाही. पिंडाचं खरं आहेच, पण त्यांना बर्फ पाहायचा आहे. वेचलेल्या कापसाच्या ढिगापुढं बसतात आणि मला विचारतात, "असाच असंल का गं?"
सुमन

हिंगोली, सदर बाजार, ता. २० जानेवारी १९३७

तातेरावभाऊंना खाजाचा सलाम, सुमनवहिनींनापण.

पत्र वाचून जीव खूश झाला. लोकांचं ऐकू नका. बर्फाच्या मुलखात माणूस पाच कपड्यांवर जगतो. पहिला सुती सदरा, अंगाला चिकटून, घट्ट. त्यावर रुई भरलेली बंडी. त्यावर दुसरी रुईची बंडी, पहिलीपेक्षा बोटभर सैल. मग लोकरीचा सदरा, आणि सगळ्यांवर कोट. सूत आत, लोकर बाहेर. लोकर अंगाला टोचते, म्हणून आत नको. पायात तीन मोजे, एकावर एक, वर बूट.

घोंगडी नेऊ नका. ती धनगराची चीज आहे, भिजली की वजनदार होते. आणि एक बात काळजावर लिहून ठेवा. बर्फ लागला की अंगावरचा एकही कपडा काढायचा नाही. ओला झाला तरी नाही. आमच्या पलटणीत ज्यानं काढला तो गेला.

दोघांची मापं पाठवा. तुमची जुनी मापं माझ्याजवळ आहेत, पण शेतकऱ्याचं अंग दर सालाला बदलतं.

खाजा

गोरेगाव, ता. २ फेब्रुवारी १९३७

खाजा मियांना रामराम.

मापं मागच्या बाजूला लिवली. तुमी सांगितलं तसं घरात होते तितके कपडे अंगात घालून पाह्यले. दोन सदरे, सासऱ्याची जुनी बंडी, माझी बंडी, वरून कोट. हात खाली येईनात. मारुतीच्या देवळापर्यंत गेलो आन पाझरलो. सदरा पिळला तर पाणी निघालं. पोरं हसून राहिली. आता मला सांगा, असाच चढ चढायचा तर तिकडंबी घाम येईल का न्हाई? आन घामानं आतला सदरा भिजला तर मंग? तुमी म्हणता काढायचा न्हाई. मंग ओलाच ठेवायचा? मी लई गोंधळून गेलो.

पाठीवरच्या बोचक्यात बंड्याच दोन बसल्या, सातू-गुळाला जागा न्हाई राहिली.

तातेराव

खाजाभाई, बायकांचं तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. नऊवारी लुगडं बर्फात कसं नेसायचं? ओचा भिजला तर? लुगड्यावर कोट घालायचा की कोटावर लुगडं? तुम्ही होतात तिकडच्या बाया काय घालत होत्या, तेवढंच सांगा.
सुमन

हिंगोली, ता. १६ फेब्रुवारी १९३७

तातेरावभाऊ, सलाम.

उत्तराला उशीर झाला. विचार करत होतो.

घामाचं तुम्ही म्हणता ते बराबर आहे. तर असं करा, चढताना एक बंडी काढा. पण बर्फात काढू नका. म्हणजे बर्फ नसेल तिथं काढा. बर्फ असेल तिथं चढ असला तर हळू चढा, घाम येणार नाही. किंवा लोकर आत घातली तर कसं होईल? नाही, टोचेल. सूतच आत ठेवा.

बंड्या हलक्या केल्या आहेत, रुई दोन बोटांऐवजी एक बोट भरली. दोघांचे कपडे शिवून झाले की थावराच्या गाडीबरोबर पाठवतो.

सुमनवहिनी, तिकडच्या बाया मी पाहिल्या नाहीत. पलटणीत बाया कुठून असणार? तुमच्यासाठी एक लोकरीचा सदरा लांब बाह्यांचा शिवला आहे. बायकोला विचारलं, फातिमाबी म्हणते, लुगडं घोट्याच्या वर नेसा आणि आत विजार घाला. हा तिचा अंदाज आहे. माझा काहीच नाही.

खाजा

गोरेगाव, ता. १० मार्च १९३७

खाजा मियांना रामराम.

कपडे पोचले. काय शिलाई! सटवाजी पाटील हात लावून लावून पाहून गेला. म्हणला, "बर्फात राह्यलेल्या माणसाचं काम दिसतंच." मी कोट घालून आरशापुढं उभा राहिलो तर सुमन म्हणली, पलटणीतले जमादार दिसता.

एक इचारायचं राहून गेलं. बर्फ पडताना आवाज होतो का? एका वर्षी तुमी बाजारात म्हणले होते, पिंजाऱ्याच्या धनुकलीवानी बारीक आवाज येतो. दुसऱ्या वर्षी म्हणले, काहीच ऐकू येत न्हाई, झोपलेला माणूस पांढरा होऊन उठतो. दोन्हीबी मला आठवून राहिलं. कोणतं खरं? भांडण म्हणून न्हाई इचारत. तिथं गेल्यावर कळावं, की हेच ते.

निघायची तारीख एक मे.

तातेराव

हिंगोली, ता. १५ एप्रिल १९३७

सुमनवहिनी, हे पत्र तातेरावभाऊंना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

भाऊ, मी बर्फ पाहिलेला नाही.

लढाईची तीन वर्षं मी कराचीच्या डेपोत मशीनवर होतो. दारात समुद्र आणि डोक्यावर ऊन. सरहद्दीच्या डोंगरातून शिपायांचे फाटलेले कोट गाठोडी बांधून यायचे. मी ते सांधायचो. कधी एखादा जखमी शिपाई कोट न्यायला यायचा, मशीनजवळ बसून बोलायचा. त्याचं ऐकलं. एवढाच माझा बर्फ.

परत आलो तेव्हा गोरेगावच्या बाजारात तुम्ही पहिल्यांदा विचारलं, "बर्फ पाह्यला का?" मी व्हय म्हणालो. एकच लफ्ज. तुमचे डोळे असे झाले, की पुढच्या बाजारी मला आणखी सांगावं लागलं. मग लोक जमायला लागले. त्या एका लफ्जावर अठरा वर्षं शिवत बसलो. उसवायची हिंमत झाली नाही.

पाच कपडे, सूत आत, कपडा काढू नका, हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे. खरं असेल, खोटं असेल, मला माहीत नाही. तुमचं आवाजाचं पत्र आलं त्या दिवसापासून माझ्या हातून टाका सरळ पडत नाही. काल फातिमाबीला सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाली, "माणूस तिकडं गारठून गेला, तर त्याचं कफन पण तुमीच शिवाल का?"

माझं सांगितलेलं विसरा. हृषीकेशला कुणी डोंगरातला माणूस गाठा आणि तो सांगेल तसं घाला. मला शिव्या द्यायच्या असतील तर परत येऊन द्या. पण परत या.

खाजा

गोरेगाव, ता. २५ एप्रिल १९३७

खाजा मियांना रामराम.

तुमचं पत्र पावलं. सुमननं वाचून दाखवलं. जपून जा म्हणलं, दुवा दिली, लई बरं वाटलं. फातिमाबीला सलाम सांगा.

आवाजाचं तुमी लिवलं न्हाई. असू द्या, मीच कान देऊन ऐकीन. बाकी तुमचा सारा सल्ला मला पाठ हाय. सूत आत, लोकर बाहेर, आन बर्फ लागला की एकबी कपडा काढायचा न्हाई. रोज सकाळी सुमनला म्हणून दाखवतो.

तातेराव

हिंगोली, ता. २८ एप्रिल १९३७
मुक्काम हृषीकेश, टपाल कचेरीत येणाऱ्या श्री. तातेराव, गोरेगावकर यांस

भाऊ, तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मला काही समजेना. तुम्ही थट्टा करता की रागावून असं लिहिता? मी जे लिहिलं ते तुम्हाला मिळालं ना? वहिनींनी या वेळी खाली दोन ओळीपण लिहिल्या नाहीत. एक तारखेला हिंगोलीच्या स्टेशनावर आलो होतो म्हणून समजा, कारण मी येणार आहे. पण तिथं तुमच्यासमोर माझं तोंड उघडेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून हे आधीच हृषीकेशला टाकतो.

खाजा

हृषीकेश, ता. ८ मे १९३७

खाजाभाई,

हे पत्र त्यांना न सांगता लिहीत आहे. ते घाटावर गेले आहेत.

स्टेशनावर तुम्ही आलात, त्यांच्या गळ्यात पडलात आणि रडलात. त्यांना वाटलं, मित्र दूर चालला म्हणून रडलात. गाडीत पूर्णेपर्यंत तुमचंच कौतुक करत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी खिडकीबाहेर पाहिलं.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. कागद समोर धरला आणि मनानं चार वाक्यं बोलले. का, ते सांगते. वाचलं असतं तर ते गेले नसते. आणि ते गेले नसते तर मीही गेले नसते. लग्न होऊन बावीस वर्षं झाली. गोरेगाव, हिंगोली आणि माहेर, एवढंच मी पाहिलं. वडिलांनी लिहायला-वाचायला शिकवलं, ते दुसऱ्यांची पत्रं लिहिण्यात गेलं. एकदा तरी लांब जावं असं फार वाटत होतं. मनाशी म्हटलं, वाटेत हळूहळू समजावू.

आता समजावता येईना. इथं बाजारात एक डोंगरातली बाई लोकर विकते. तिनं त्यांच्या बंडीत बोट घातलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, रुई पाणी पिते आणि सोडत नाही. लोकर अंगाला लावा, सूत घरी ठेवा, ओलं झालं की लगेच काढा. तीन मोज्यांनी पाय आवळतो, एकच जाड मोजा घाला. मी तिचं ऐकलं. लोकरीचा सदरा आत घातला, वर लुगडं, आणि एक जुनी लोकरीची धाबळी घेतली पांघरायला. ते ऐकत नाहीत. हसून म्हणतात, "ती बाई लोकर विकती, तिला लोकरच सांगायची. खाजा मियाला माझ्याकडून काय पाह्यजे?"

तुमचं दुसरं पत्रही टपालात मिळालं. तेही माझ्याच कमरेला आहे. उद्या लक्ष्मणझुल्यावरून पुढं निघतो. रोज सकाळी ठरवते की आज सांगीन. सांगितलं तर तुमच्यावरचा विश्वास जाईल आणि माझ्यावरचाही. न सांगितलं तर काय, ते मला कळत नाही.

सुमन

हिंगोली, ता. १६ मे १९३७
मुक्काम रुद्रप्रयाग, टपाल कचेरी

सुमनवहिनी,

सांगून टाका. माझी अब्रू तुमच्या हातात आहे म्हणून जपू नका. हे पत्र तुम्हाला गाठेल की नाही, ठाऊक नाही.

खाजा

श्रीनगर, गढवाल, ता. १४ जून १९३७

खाजाभाई,

आधी हे वाचा. ते जिवंत आहेत. आता बाकीचं.

तुमचं रुद्रप्रयागचं पत्र मला परत येताना मिळालं. जाताना ते आलं नव्हतं.

गौरीकुंडापर्यंत सगळं नीट झालं. तिथून केदारची शेवटची चढण. सकाळी ऊन होतं. त्यांनी पाचही कपडे घातले, कारण वर पांढरं दिसत होतं. मध्यावर पोचेतो घामानं निथळले. मग ढग उतरले आणि पाऊस सुरू झाला. पाऊस म्हणता म्हणता त्यात बर्फाचे कण आले. आमच्याबरोबरचे लोक पुढं गेले. बंड्या भिजून अशा जड झाल्या की ते वाकून चालायला लागले. मी म्हटलं, काढा. ते म्हणाले, "बर्फ लागला. आता काढायचा न्हाई."

वाटेत यात्रेकरूंसाठी एक गवताचं छप्पर असतं, त्याला इकडं चट्टी म्हणतात. तिथं कसंबसं नेलं. चूल होती, एक म्हातारी होती. त्यांचे दात वाजत होते ते थांबले. मला वाटलं ऊब आली. म्हातारीनं त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि ओरडायला लागली. तिची बोली मला समजेना, पण कपडे ओढून दाखवत होती. मी बंडीच्या नाड्या सोडायला गेले तर त्यांनी दोन्ही हातांनी छाती घट्ट धरली. तेवढी ताकद कुठून आली कोण जाणे. जीभ जड झाली होती. म्हणत होते, "खाजा मिया म्हणला. काढला तो गेला."

मी त्यांना समजावलं, रडले, हात ओढले. ते सोडीनात. मग मी त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्यानं ओरडले, "खाजाभाईंनी बर्फ पाहिलेला नाही! कधीच नाही! त्यांनी पत्रात लिहिलंय, मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं! सोडा!"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग हात सोडले.

नाड्या सुटेनात म्हणून म्हातारीनं कोयता दिला. तुमची शिलाई मी उभी फाडली. पाचही काढले. माझा लोकरीचा सदरा त्यांना घातला, धाबळी गुंडाळली, म्हातारीनं तिच्या बकऱ्यांजवळचं कांबळं आणलं. ती एका बाजूनं बसली, मी दुसऱ्या बाजूनं. खूप वेळानं ते पुन्हा कुडकुडायला लागले तेव्हा म्हातारी हसली. तेव्हा मला कळलं, की कुडकुडणं चांगलं असतं.

दुसऱ्या दिवशी एका माणसानं पाठीवरच्या टोपलीत बसवून त्यांना खाली आणलं. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, ती इथल्या दवाखान्यात काढली. मोजे इतके घट्ट होते की तेही कापावे लागले. केदार झाला नाही. बद्रीनाथ झालं नाही. आईंचा पिंड राहिला.

त्या दिवसापासून ते माझ्याशी पाणी दे, उशी दे, एवढंच बोलतात. तुमचं नाव काढत नाहीत. रागावले आहेत की दुखण्यानं गप्प आहेत, मला उमगत नाही.

सुमन

हिंगोली, ता. २० जुलै १९३७

तातेरावभाऊ,

तुम्ही गोरेगावला पोचल्याचं थावरा सांगून गेला. दोनदा सेनगावपर्यंत येऊन मागं फिरलो. दारात आलो तर तुम्ही काय म्हणाल, ते कळेना. काही न म्हणालात तर काय करू, तेही सुचेना. तुम्ही या म्हणालात तर येईन. नका येऊ म्हणालात तरी कळवा.

खाजा

गोरेगाव, ता. ११ ऑगस्ट १९३७

खाजा मियांना तातेरावचा रामराम.

हे अक्षर शाळेच्या मोहनसिंग मास्तरचं हाय. सुमनच्या हातून मुद्दाम लिवलं न्हाई, कारण तिच्याबद्दलबी बोलायचं हाय. तिला बाहेर बसवलं.

तुमची दोन्ही पत्रं मास्तरकडून वाचून घेतली. कराचीचं आन हृषीकेशला टाकलेलं. सुमननं आपणहून काढून दिली.

मला राग आला, ते खरं हाय. पण लोकांना वाटतं तो न्हाई. तुमी बर्फ पाह्यला न्हाई त्याचा राग दोन-चार दिवस होता, मंग गेला. बाजारच्या दिवशी पोरं जवळ बसली तर मीबी वाघ पाह्यल्याचं सांगतो. राग याचा, की मरायचं मला होतं आन भीती तुमी दोघांनी वाटून घेतली. तुमी इथं टाके उसवत बसले. ती तिकडं कमरेला पत्र बांधून पंधरा दिवस माझ्या मागं चालली. मी एकटाच गाणी म्हणत चाललो होतो. मला सांगितलं असतं तर मीबी भ्यालो असतो, मंग तिघं मिळून कायतरी केलं असतं. मला येडा काहून ठरवलं?

हे सुमनला कालच्याला बोललो. ती लई रडली. मंग मला म्हणली, "पत्र वाचलं असतं तर तुमी गेले असते का?" मी लई विचार केला. न्हाई गेलो असतो. मंग मला राग कुणावर करावा ते समजेना. अजून समजून राहिलं न्हाई. तुमाला समजलं तर सांगा.

पाय आता टेकतो. काठी लागती. आईचा पिंड राहिलाय, म्हणून पुढल्या वैशाखात फिरून जाणार. सुमन येणार. या वेळी मी तिला इचारलं, ती व्हय म्हणली.

तुमीबी चला.

कपडे कसे ते मी सांगतो, लिवून घ्या. लोकर आत, अंगाला लागून. टोचती, पण दोन दिवसांनी इसरून जाता. त्यावर दुसरा लोकरीचा सदरा, सैल. वर पाणी धरणार न्हाई असं जाड कापड. रुई घरी. चढ लागायच्या आधीच एक काढायचा, घाम आल्यावर न्हाई. थांबलं की लगीच घालायचा. मोजा एकच. एक कोरडा जोड बोचक्याच्या पार आत, काहीबी झालं तरी तो भिजू द्यायचा न्हाई. घोंगडी मी नेणार, तुमी काय म्हणता ते ऐकणार न्हाई.

देवळात तुमाला कुणी येऊ देईल का न्हाई, मला माहीत न्हाई. पण बर्फ देवळाच्या लई आधी हाय, वाटेवरच पडलेला. तिथं कुणी कुणाला नाव इचारत न्हाई. तिथवर चला. म्हातारीच्या चट्टीत बसा. त्या दिवशी माझे डोळे उघडे होते, पण मी काय पाह्यलं आन काय ऐकलं, मला एक आठवत न्हाई. सारं धुकट झालंय. मी वर जाऊन देवाला भेटून येईस्तोवर तुमी नीट पाहून ठेवा. खाली आलो की मला सांगा, कसा हाय.

तातेराव
(अंगठा)